लोगोटाइप म्हणजे नेमकं काय, तो बांधायचा कसा आणि छापायला द्यायचा कसा

लोगो आणि लोगोटाइप हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि गप्पांमधे त्याने काही बिघडत नाही. पण तुम्हाला तुमच्या कामाचं, संस्थेचं, मासिकाचं नाव कायमचं एका रूपात बसवायचं असेल आणि ते कागदावर, कापडावर, स्क्रीनवर सगळीकडे तसंच दिसायला हवं असेल, तर हा फरक माहीत असलेला बरा. मी बरीच वर्षं प्रीप्रेसचं काम करते, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या फायली उघडायच्या, तपासायच्या आणि मशीनवर जाण्यासारख्या करायच्या. अनुभव असा की फोटो थोडा फिका आला तर लोक चालवून घेतात, पण नावाच्या अक्षरांत केसाएवढा फरक पडला तरी मालकाला तो लगेच दिसतो, आणि दिसायलाच हवा, नाव त्याचं आहे.

शब्द आला कुठून

ग्रीक भाषेत लोगोस म्हणजे शब्द आणि टिपोस म्हणजे ठसा. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा साधा हिशोब असा होता की एक खिळा म्हणजे एक अक्षर, जुळारी समोरच्या केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमधे (ओळ जुळवायच्या पट्टीत) लावत जायचा. आता इंग्रजीत 'अँड' किंवा 'द' असे शब्द दर ओळीला येणार, मग प्रत्येक वेळी तीन खिळे कशाला उचलायचे, तीनही अक्षरं एकाच तुकड्यावर ओतून टाकली की एका उचलीत शब्द तयार. अशा एकत्र ओतलेल्या शब्दाच्या किंवा अक्षरगटाच्या खिळ्याला लोगोटाइप म्हणायचे.

ही कल्पना एका माणसाने फारच मनावर घेतली होती. लंडनमधे जॉन वॉल्टर यांनी हेन्री जॉन्सन यांची अख्खे शब्द आणि शब्दांचे तुकडे ओतून ठेवण्याची पद्धत घेतली, आणि त्या पद्धतीने छापलेलं 'डेली युनिव्हर्सल रजिस्टर' हे वर्तमानपत्र १ जानेवारी १७८५ ला सुरू केलं. तेच पुढे १७८८ मधे 'द टाइम्स' झालं. वर्तमानपत्र टिकलं, पद्धत नाही टिकली. कारण उघड आहे, अक्षरं मोजकी असतात आणि शब्द अमाप, त्यामुळे खिळ्यांच्या केसेस इतक्या पसरतात की हवा तो तुकडा शोधण्यातच वाचवलेला वेळ जातो.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो लगेच मिटवून टाकते. लिगेचर वेगळं, लोगोटाइप वेगळा. लिगेचरमधे अक्षरं एकमेकांना जोडून एकच आकार होतो, जसं रोमन लिपीत लहान एफच्या पुढे लहान आय आला की एफचा वरचा आकडा आयच्या टिंबावर आदळतो म्हणून दोघांचा मिळून एक आकार करतात. आपल्याला हे समजायला अगदी सोपं जातं कारण क्ष, ज्ञ, श्र अशा जोडाक्षरांवर आपण लहानपणापासून वाढलोय. लोगोटाइपमधे अक्षरं एकमेकांना चिकटलेली असायलाच हवीत असं काही नाही, ती फक्त एका तुकड्यावर हवीत, त्यांच्यामधलं अंतर ओततानाच ठरलेलं हवं.

मग रोजच्या शब्दांसाठी ही युक्ती मागे पडली तरी एका कामाला ती फार उपयोगी पडत राहिली. जे नाव दर अंकात, दर जाहिरातीत त्याच वळणात यायला हवं ते नाव, म्हणजे वर्तमानपत्राच्या डोक्यावरचं शीर्षक किंवा व्यापाऱ्याची नाममुद्रा, एकदा कोरून किंवा ओतून ठेवायची आणि दरवेळी तोच ठोकळा फर्म्यात, म्हणजे छापायच्या पानाच्या चौकटीत, बसवायचा. आज ब्रँडिंगमधे आपण लोगोटाइप म्हणतो तो याच अर्थाने, आणि लोगो हे त्याचंच सुटसुटीत रूप म्हणून रुळलं.

मी हा इतिहास उगाच सांगत नाहीये. ओतलेल्या खिळ्यातलं एखादं अक्षर तुम्ही बदलू शकत नाही, दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू शकत नाही, त्याला रुंदीत ताणू शकत नाही. तो आहे तसा उचलायचा आणि आहे तसा लावायचा. आज शिसं गेलं, सगळं स्क्रीनवर आलं, आणि स्क्रीनवर कुणालाही काहीही ताणता येतं, म्हणून तर ही जुनी शिस्त आता आपल्याला मुद्दाम पाळावी लागते. तुमचा लोगोटाइप म्हणजे एक ओतलेला खिळा आहे असं डोक्यात ठेवा, पुढच्या बऱ्याचशा गोष्टी त्यातूनच आपोआप समजतील.

नुसतं नाव पुरेल की चिन्हही हवं

ढोबळमानाने प्रकार असे पडतात: पूर्ण नाव एका ठरावीक अक्षररूपात (लोगोटाइप, याला वर्डमार्कही म्हणतात), नावाची नुसती आद्याक्षरं (आयबीएमसारखं), नुसतं चिन्ह, आणि चिन्ह अधिक नाव. कोका-कोला, सोनी, गूगल, फेडेक्स हे सगळे नावावर उभे आहेत.

माझं स्पष्ट मत, नवीन काम असेल तर नावापासून सुरुवात करा. चिन्ह लोकांच्या ओळखीचं व्हायला खूप वर्षं जातात आणि तोवर ते चिन्ह कुणाचं हे सांगायला नाव बरोबर लागतंच. मास्टरकार्डची एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं जगभर माहीत होती, तरी त्यांनी चिन्हावरून नाव काढलं ते २०१९ मधे, कित्येक दशकं ती वर्तुळं नावासकट मिरवल्यावर. तुमचं नाव छोटं आणि वेगळं असेल तर लोगोटाइप एकटाच पुरतो. नाव चार-पाच शब्दांचं असेल तर मात्र विचार करायला हवा, कारण छोट्या जागेत ते मुंगीएवढं होतं. अशा वेळी एक तर नावातला मुख्य शब्द मोठा आणि बाकीचे त्याखाली लहान अशी बांधणी करा, नाहीतर आद्याक्षरांचं छोटं रूप सोबत तयार ठेवा.

बांधायला बसताना

कॉम्प्युटर उघडण्याआधी नाव हाताने लिहा, वीस वेळा, पन्नास वेळा, पेन्सिलीने, जाड मार्करने, कसंही. अक्षर सुंदर यावं म्हणून नाही, तर त्या नावात काय दडलंय ते कळावं म्हणून. कुठलं अक्षर दोनदा येतं, कुठे वेलांटी वर झेप घेते, कुठे उकार खाली लोंबतो, कुठे मधेच रिकामी खोली पडते, हे सगळं लिहिता लिहिता दिसायला लागतं. कोका-कोलाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण त्यातली ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की १८८६ साली ते नाव सुचवणारे आणि लिहिणारे फ्रँक रॉबिन्सन हे तिथले हिशोबनीस होते, आणि त्यांनी वापरलं ते स्पेन्सेरियन वळण म्हणजे त्या काळात पत्रं आणि कारभाराची कागदपत्रं लिहायचं नेहमीचं वळण. फक्त दोन मोठे 'सी' त्या नावात आले आणि त्यांच्या शेपट्यांना फिरायला जागा मिळाली. नावाने स्वतःच दिलेली संधी होती ती.

मग टाइपफेस, म्हणजे अक्षरांचं वळण, निवडा. इथे लोक दोन टोकांना जातात, कुणी नुसतं नाव टाइप करून तसंच सोडून देतं, तर कुणी प्रत्येक अक्षराला काहीतरी करून ठेवतं, इथे पान, तिथे पक्षी, टिंबाच्या जागी सूर्य. एकच बदल करा पण तो पक्का करा. फेडेक्सचा लोगोटाइप बघा, लिंडन लीडर यांनी १९९४ मधे केलेला. मोठा ई आणि लहान एक्स यांच्यामधे जी पांढरी जागा उरते तिचा बाण होतो. तो बाण काढून आत टाकलेला नाही, अक्षरांची उंची आणि अंतर असं काही जुळवलंय की मधल्या रिकाम्या जागेनेच बाणाचा आकार घेतला. माहीत नसेल तर बाण दिसत नाही, आणि दिसला नाही तरी नाव व्यवस्थित वाचता येतं, मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता अंतर, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा आणि ज्यावर सगळ्यात कमी घालवला जातो. टाइप केल्यावर सॉफ्टवेअर जे अंतर देतं ते वाचायच्या मजकुरासाठी ठीक असतं, पण तेच नाव फूटभर मोठं केलं की भोकं दिसायला लागतात. रोमन मोठ्या अक्षरांत ए आणि व्ही शेजारी आले, किंवा एल आणि टी, तर मधे केवढी तरी पोकळी पडते, आणि दोन उभ्या रेघा शेजारी आल्या तर त्या जवळ जवळ वाटतात. पट्टीने मोजून हे सुटत नाही, डोळ्यानेच सोडवावं लागतं. अक्षरांमधल्या जागेत वाळू ओतायची आहे असं समजा, प्रत्येक जागेत साधारण तेवढीच वाळू मावायला हवी. आणि एक युक्ती, नाव उलटं करून बघा, डोकं खाली. उलटं केलं की डोळा शब्द वाचायचं सोडून देतो आणि नुसते काळे-पांढरे आकार बघतो, मग चुकलेलं अंतर चटकन सापडतं. गोल अक्षरांचंही तसंच, ओ जर बरोबर एचच्या उंचीचा काढला तर तो लहान दिसतो, म्हणून गोल अक्षर वर-खाली किंचित बाहेर काढतात. पट्टीला चूक वाटणारी गोष्ट डोळ्याला बरोबर वाटत असेल तर डोळ्याचं ऐका.

देवनागरीत नाव बांधताना

देवनागरीची आपली वेगळी गणितं आहेत आणि रोमनचे नियम इथे आंधळेपणाने लावले की फजिती होते.

पहिलं शिरोरेषेचं. रोमनमधे नाव रुबाबदार दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब ठेवतात, तेच देवनागरीला केलं की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे दिसायला लागतात. अंतर हवंच असेल तर वाढवून झाल्यावर शिरोरेषा पुन्हा जोडून घ्या, नाहीतर ती मुद्दाम काढून टाका, पण अर्धवट तुटलेली ठेवू नका. शिरोरेषा काढायची तर मात्र सांभाळून, कारण म आणि भ, घ आणि ध यांच्यातला फरकच शिरोरेषेच्या त्या फटीमुळे ठळक होतो. रेषा गेली की उरलेल्या आकारातून तो फरक दिसायला हवा, भच्या आणि धच्या सुरुवातीची गाठ नीट, मोठी काढायला हवी. 'ख'चं पण बघा, लहान आकारात त्याचे दोन भाग सुटले की र आणि व वाचलं जातं.

दुसरं उंचीचं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, यामुळे देवनागरी नाव वर-खाली बरीच जागा खातं. चौकटीच्या बरोबर मधे ठेवलं तर ते मधे वाटत नाही. डोळा शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा पट्टा धरून बघतो, तर तो पट्टा मधे येईल असं ठेवा आणि वेलांट्यांना थोडं वर जाऊ द्या.

तिसरं, दोन्ही लिप्यांत नाव असेल तेव्हा. एकच पॉइंट साइज दिली की देवनागरी बहुतेक वेळा बारकी दिसते, कारण तिच्या उंचीतला मोठा भाग मात्रांना राखून ठेवलेला असतो. म्हणून आकडा जुळवत बसू नका, रेघांची जाडी आणि एकूण काळेपणा जुळवा. जाडीची दिशाही वेगळी असते, जाड-बारीक रेघांच्या रोमन टाइपात उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, आणि देवनागरीच्या पारंपरिक वळणात बोरूच्या कतीमुळे (टोकाच्या तिरक्या कापामुळे) तो भार दुसऱ्या बाजूला पडतो. रोमन अक्षराचे तुकडे कापून त्यातून देवनागरी अक्षर जोडायचा मोह खूप जणांना होतो, त्यातून निघालेलं नाव लांबूनच परकं वाटतं. दोन्ही लिप्यांचा स्वभाव एक ठेवा, सांगाडा ज्याचा त्याला.

रंगाआधी काळा

नाव पूर्ण काळ्यात बांधून होईपर्यंत रंगाला हात लावू नका. रंग, सावली, ग्रेडियंट हे सगळं कच्च्या आकाराला झाकून टाकतं. काळ्यात चांगलं दिसणारं नाव कुठल्याही रंगात चांगलं दिसतं, उलटं मात्र खरं नाही. काळ्यात झालं की ते दोन सेंटिमीटर रुंद छापून हातभर लांबून बघा, मग डोळे बारीक करून बघा, मग स्क्रीनवर अगदी लहान करा.

लहान आकारात अक्षरांच्या आतल्या खिडक्या बुजत असतील तर लहान आकारासाठी वेगळं रूप काढा, त्या खिडक्या थोड्या उघडून, बारीक रेघा थोड्या जाड करून. यात काही कमीपणा नाही, खिळ्यांच्या काळातही एकाच टाइपफेसचे लहान आकार वेगळे कोरायचे. डिझायनर पॉल रँड यांनी आयबीएमचं पट्ट्यापट्ट्यांचं रूप ८ पट्ट्यांचं आणि १३ पट्ट्यांचं असं दोन तऱ्हेचं दिलं होतं. मात्र वेबसाइटच्या टॅबवर जो चिमुकला चौकोन असतो, १६ गुणिले १६ पिक्सेलचा, त्यात कुठलंच पूर्ण नाव मावत नाही, तिथे नावातलं एकच ओळखीचं अक्षर वापरा.

पांढऱ्या अक्षरांचं रूपही स्वतंत्र हवं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं नाव छापलं की आजूबाजूची शाई थोडी पसरते आणि पांढरी रेघ अजून बारीक होते, म्हणून छपाईसाठी ती रेघ किंचित जाड लागते. आणि तेच नाव मागून दिवा असलेल्या बोर्डवर किंवा स्क्रीनवर आलं की प्रकाशामुळे फुगलेलं दिसतं, तिथे किंचित बारीक केलेलं बरं.

छापायला देताना

आता माझ्या रोजच्या कामाचा भाग, इथे थोडं सविस्तर लिहिते.

लोगोटाइप नेहमी व्हेक्टरमधे (ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणितात साठवलेलं चित्र, जे कितीही मोठं केलं तरी फाटत नाही) ठेवा आणि देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा. कर्व्ह करणं म्हणजे अक्षर हे फॉन्टमधलं अक्षर न राहता नुसती आकृती होतं, मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो नसो, आकृती बदलत नाही. थोडक्यात, खिळा ओतून झाला. हे न केल्याने काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलंय, एका संस्थेच्या लेटरहेडची फाइल आली होती, तिच्यात नाव टाइप केलेलंच होतं, उघडल्यावर फॉन्ट बदलला गेला, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडची पलीकडे गेली, आणि घाईत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. सगळा गठ्ठा छापून झाल्यावर कळलं. कागद रद्दीत गेला, आणि त्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून फाइल उघडली की मी आधी नाव बघते, मग बाकी सगळं. देवनागरीत हा धोका जास्त आहे कारण जुन्या फॉन्टांची मांडणी वेगळी आणि युनिकोडची (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांची) वेगळी, एका मशीनवर नीट दिसणारं जोडाक्षर दुसरीकडे फुटतं. कर्व्ह केलेली फाइल द्यायला आणि टाइप केलेली मूळ फाइल स्वतःजवळ, अशा दोन्ही ठेवा.

मेसेजवरून आलेला किंवा वेबसाइटवरून उचललेला लोगो छपाईला चालत नाही, आणि का चालत नाही याचा हिशोब सोपा आहे. रंगीत छपाईला साधारण ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात. ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र असेल तर ते २ इंच म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद छापता येईल, त्याहून मोठं केलं की कडांना पायऱ्या दिसतात. अक्षरांच्या कडा तर फोटोपेक्षा जास्त तीक्ष्ण लागतात, काळ्या रेघेच्या कामाला १२०० डीपीआय मागतात ते त्यासाठीच. व्हेक्टरला हे काहीच लागू नाही, व्हिजिटिंग कार्डापासून इमारतीवरच्या बोर्डापर्यंत एकच फाइल पुरते. छपाईला पीडीएफ किंवा ईपीएस, वेबला एसव्हीजी, आणि इतर किरकोळ वापराला पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी, एवढा संच बनवून एका फोल्डरमधे ठेवा, आणि फायलींना नावं अशी द्या की न उघडता कळेल: एकरंगी, पांढरा, चाररंगी, लहान आकाराचा. 'फायनल' आणि 'फायनल नवा' या नावांच्या फायलींनी जेवढं नुकसान होतं तेवढं कशानेच होत नाही.

रंगाचं. स्क्रीनचा झगझगीत निळा, हिरवा, नारिंगी चार रंगांच्या (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) छपाईत तसा येत नाही, तो मळतो, निळा तर बऱ्याचदा जांभळट होतो. म्हणून रंग ठरवतानाच त्याची छपाईची टक्केवारी ठरवा, आणि रंग काटेकोरपणे तोच हवा असेल तर स्पॉट कलर घ्या, म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांतून रंग न बनवता तयार मिसळलेली शाई वापरायची. पँटोनची क्रमांकांची पद्धत १९६३ पासून याच कामासाठी वापरात आहे. तीच शाई गुळगुळीत कोटेड कागदावर वेगळी आणि अनकोटेड कागदावर वेगळी दिसते, शाई कागदात मुरते म्हणून, तेव्हा शेड कार्ड बघताना आपल्या कागदाचंच कार्ड बघा.

काळा लोगोटाइप लहान असेल तर तो फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही रंग मिसळून केलेला दाट काळा मोठ्या ठोकळ्याला छान दिसतो, पण लहान अक्षरांत चार प्लेटांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, जरा हललं की अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते. तसंच फिका करडा हवा म्हणून काळ्याची ३० टक्के टिंट (फिकी छटा) दिली तर ते अक्षर ठिपक्यांतून बनतं, आणि बारीक अक्षराची कड कुरतडल्यासारखी दिसते. तिथे करडी स्पॉट शाई घ्या नाहीतर सरळ काळा ठेवा. रेघा पाव पॉइंटपेक्षा बारीक नकोत, पांढऱ्या रेघा तर अर्ध्या पॉइंटच्या खाली जाऊच देऊ नका.

एक सापळा मुद्दाम सांगते. पांढऱ्या लोगोटाइपला चुकून ओव्हरप्रिंट लागलेलं असेल तर स्क्रीनवर तो दिसतो आणि छापल्यावर गायब होतो. कारण नेहमीच्या कागदी छपाईत पांढरी शाई नसतेच, पांढरं म्हणजे तिथे खालचा रंग न छापता कागद मोकळा सोडणं, आणि ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग छापू दे असं सांगणं. हे बऱ्याचदा असं होतं की काळ्या लोगोला ओव्हरप्रिंट दिलेलं असतं, जे बरोबरच असतं, आणि मग कुणीतरी त्याचीच कॉपी करून नुसता रंग पांढरा करतं. पीडीएफ बघताना ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघा.

कागदाबाहेर गेलात की प्रत्येक माध्यम आपले नियम घेऊन येतं. भरतकामात दोरा असतो, त्याला टोक नसतं, ५-६ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं काढूच नका. व्हिनाइल कापायचं असेल तर अक्षरं जिथे एकमेकांवर चढलेली आहेत तिथे ती वेल्ड करून एक आकृती करा, नाहीतर कटर प्रत्येक जोडावर सुरी फिरवतो, आणि देवनागरीत तर शिरोरेषेवर दर अक्षराला एक जोड असतो, म्हणजे अख्खी शिरोरेषा तुकडे होऊन निघते. धातूच्या पत्र्यातून अक्षर कोरून काढायचं असेल तर व, ब, ठ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला धरून ठेवणारी छोटी पट्टी आधीच आखावी लागते. एम्बॉसिंग आणि फॉइलला बारीक खिडक्या बुजतात.

वापरताना

नाव बांधून झालं, आता ते सांभाळायचं. त्याच्याभोवती मोकळी जागा किती हवी ते ठरवा, आणि ती सेंटिमीटरमधे न ठरवता नावातल्याच एखाद्या अक्षराच्या उंचीवरून ठरवा, म्हणजे नाव लहान-मोठं झालं की जागाही त्या मापात लहान-मोठी होते. सगळ्यात लहान किती चालेल तेही लिहून ठेवा, छपाईसाठी मिलिमीटरमधे आणि स्क्रीनसाठी पिक्सेलमधे. ताणायचं नाही, तिरकं करायचं नाही, बाहेरून जाड रेघ द्यायची नाही, सावली द्यायची नाही, दुसऱ्या फॉन्टमधे टाइप करून 'तसंच दिसतंय' म्हणायचं नाही. हे सगळं एका पानावर चित्रांसकट काढून ठेवलं की पुरतं, मोठं जाडजूड पुस्तक कुणी वाचत नाही.

वाक्यात नाव आलं तर साध्या अक्षरांत लिहा. मजकुराच्या मधे लोगोटाइपचं चित्र घुसवलं की ओळ हलते, वाचणारा अडखळतो, शोधताना ते नाव सापडत नाही. वेबवर लोगोटाइप चित्र म्हणून टाकाल तेव्हा त्याचा पर्यायी मजकूर न विसरता भरा, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या माणसासाठी तोच मजकूर म्हणजे तुमचं नाव.

कायद्याच्या बाजूचं थोडक्यात. नाव बांधण्याआधी त्या क्षेत्रात तसंच नाव कुणी नोंदवलंय का ते ट्रेडमार्कच्या नोंदींत शोधा. टीएम ही खूण नोंदणी न करताही लावता येते, वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, नोंदणी नसताना तो लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. फॉन्ट विकत घेतला म्हणजे तो लोगोत वापरायची परवानगी मिळालीच असं नसतं, लायसन्स वाचा, फुकट फॉन्टचं तर दोनदा वाचा. आणि एक शब्दाचा घोळ, डिझायनर वर्डमार्क म्हणतात तेव्हा त्यांना वळण दिलेलं नाव अभिप्रेत असतं, कायद्यात वर्ड मार्क म्हणजे कुठल्याही वळणाशिवायचा नुसता शब्द. नुसत्या शब्दाची नोंदणी सहसा जास्त व्यापक संरक्षण देते, कारण उद्या तुम्ही वळण बदललंत तरी शब्द तुमचाच राहतो.

बदलायचं म्हटलं तर

काही वर्षांनी नाव जुनं वाटायला लागतं, पण मालकाला ते लोकांच्या आधीच जुनं वाटतं, कारण तो रोज बघतो. २०१० मधे गॅप या कपड्यांच्या कंपनीने आपला ओळखीचा लोगो काढून नवा आणला आणि लोकांनी इतका आरडाओरडा केला की साधारण आठवड्याभरात जुना परत आला. नासाचं लाल, नळीसारख्या अक्षरांचं नाव १९७५ मधे आलं, १९९२ मधे बाजूला ठेवलं गेलं आणि २०२० मधे पुन्हा वापरात आलं. दुसरीकडे गूगलने २०१५ मधे अक्षरांच्या टोकांवरचे फराटे काढून साधं वळण घेतलं, पण रंगांचा क्रम आणि शेवटचा तिरका ई ठेवला, आणि लोकांना ते आपलंच वाटत राहिलं. बदल करायचाच तर आधी आठवणीतून तुमचं नाव काढून दाखवायला पाच-सहा जणांना सांगा. त्यांना जे आठवलं, कुणाला रंग, कुणाला एखाद्या अक्षराची शेपटी, ते तसंच ठेवा आणि बाकीचं खुशाल दुरुस्त करा.

आणि मशीन चालू व्हायच्या आधी प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना छाप, मागवा, खऱ्या मापात आणि खऱ्या कागदावर. बाकी सगळं तपासून झालं की लोगोटाइपमधलं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. नावाचं चित्र डोळ्यात इतकं बसलेलं असतं की ते कुणी वाचतच नाही, आणि सुटलेला अनुस्वार किंवा ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला उकार त्या चित्रात बरोबर लपून बसतो.